चुकीचं पान

फुलस्केप वहीचा मधला जोडकागद होता तो, पिना न उचकटता अलगद सोडवून काढलेला. काकांनी त्याच्या चार घड्या उलगडून तो माझ्या टेबलावर पसरला, पंख्याने उडू नये म्हणून कडेला चष्म्याचं घर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, यात माझं काय चुकलंय तेवढं सांगा." कागदावर इंग्रजी होतं. लिहिलेलं नव्हे, काढलेलं. रांगोळीचे ठिपके मोजत जावं तसं एकेक अक्षर बघून उतरवलेलं. काही जागी शब्दांच्या मधली मोकळी जागा सुटली होती, एक-दोन ठिकाणी डी आणि बी यांची तोंडं फिरली होती, पण उलटे तिरके दांडे, कंस, ठिपके सगळे आपापल्या जागी होते. मला कागद ओळखायला दोन सेकंद लागले आणि मग कानशिलं तापली. ते माझ्या ॲप्लिकेशनचं एरर पेज होतं. अख्खं. वरपासून खालपर्यंत.

फेब्रुवारी २०१४. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. काका निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. भर काढणीच्या दिवसांत बाग सोडून, एसटीने सीबीएसच्या स्टँडवर उतरून, विचारत विचारत दुसऱ्या मजल्यावर आले होते. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही शेतकऱ्यांच्या प्लॉटची नोंदणी करायचं ॲप्लिकेशन केलं होतं. छाटणी कधी, फवारणी कसली, माल किती निघेल, असलं सगळं त्यात भरायचं. काकांचा मुलगा पुण्याला, त्याने जुना लॅपटॉप घरी ठेवलेला. रात्री माहिती भरायला बसले, 'जतन करा' दाबलं आणि हे पान आलं. आता लाइट गेली तर हे पुसलं जाईल, म्हणून त्यांनी वही ओढली आणि उतरवून काढायला सुरुवात केली. दीड तास लागला म्हणाले. दीड तास!

मी विचारलं, पण माझ्याकडे कसे आलात? त्यांनी कागदाच्या मध्यावर बोट ठेवलं. तिथे माझं नाव होतं, खाली दोन रेघा ओढलेलं. मी ज्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बांधला त्यावरच्या फोल्डरचा पूर्ण रस्ता त्या पानावर उमटला होता, आणि त्या रस्त्यात विंडोजच्या रिवाजाप्रमाणे माझं नाव आणि आडनाव. पुढे 'फायनल_नवीन_२' हे फोल्डरचं नावही होतं, पण त्याबद्दल काका काही बोलले नाहीत. त्यांनी कागद पॅकहाऊसवर, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरतात तिथे, दाखवला, तिथल्या पोराने नाव वाचलं आणि म्हणाला, या तर आपल्या सॉफ्टवेअरवाल्या ताई.

या पानाला आमच्या धंद्यात, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एएसपी.नेटवर साइट बांधणाऱ्यांत, यलो स्क्रीन ऑफ डेथ म्हणतात. वर लाल ठळक मथळा, त्याखाली मरून तिरक्या अक्षरांत नेमकी तक्रार, आणि खाली फिकट पिवळ्या चौकटीत स्टॅक ट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला हाक मारली, ती हाक कुठे विरली, फाइल कुठली, ओळ कितवी. हे पान आमच्यासाठी असतं, लोकांसाठी नाही. लोकांपासून ते लपवायची सोयही असते. वेब.कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये कस्टमएरर्स अशी एक नोंद असते, तिचे प्रकार तीन: ऑन, ऑफ आणि रिमोटओन्ली. रिमोटओन्ली म्हणजे आपल्या जुन्या घरांचा शिरस्ता. माजघरात खरं बोलायचं, ओसरीवर बसलेल्या पाहुण्याला "जरा अडचण आहे" एवढंच सांगायचं. सर्व्हरवरच बसून बघणाऱ्याला पिवळं पान, बाकीच्यांना सभ्य पान. काही सांगितलं नाही तर हेच धरलं जातं. पण दोन रात्री आधी एक बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, फक्त सर्व्हरवरच दिसत होता, मला तिथे लॉगिन करत बसायचा कंटाळा आला, मी घरून ते 'ऑफ' केलं, बग सापडल्याच्या आनंदात झोपले आणि विसरले. दोन दिवस माजघराचं दार सताड उघडं होतं.

काकांच्या पानामागचा बग काय होता तेही सांगायला हवं, कारण तो नुसता तांत्रिक नव्हता. पानावरची तक्रार होती 'ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट'. ज्याला हात घालायला गेलो ते जागेवर नाहीच, असा त्याचा अर्थ. टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत हा रिकामा संदर्भ आणला, करायला अगदी सोपा होता म्हणून. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. माझी चूक तेवढी महाग नव्हती. प्लॉट घ्यायचा, प्लॉटचा मालक घ्यायचा, मालकाचं नाव छापायचं, एवढीच ती ओळ. काकांचा तो प्लॉट काकूंच्या नावावर होता. दिवाळीच्या आधी काकू गेल्या. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची होती, तोवर संस्थेच्या यादीतून त्यांचं नाव निघालं होतं, नवं लागलं नव्हतं. बाग उभी, माल तयार, आणि मालकाच्या जागी काहीच नाही. प्लॉटला मालक नसेल असं मी कधी धरलंच नव्हतं.

मी म्हटलं, "काका, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं." त्यांना ते पटलं नाही. "मी बटण दोनदा दाबलं होतं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तिचं नाव आपण घालायला नको होतं का त्यात?"

मी चहा सांगितला.

चहा पिताना ते स्टॅक ट्रेसबद्दल विचारत राहिले, म्हणजे त्यांना तो शब्द माहीत नव्हता, पण ती ओळींची उतरंड काय आहे हे हवं होतं. मी सांगायला लागले, हे ह्याच्यामुळे, ते त्याच्यामुळे, असं मागे मागे जात मूळ जागा सापडते. ते हसले. "आमच्या पेटीसारखं." मग मला त्यांनीच समजावलं. युरोपला जाणाऱ्या मालाच्या पॅलेटवर नंबर असतो, तिकडे रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, जास्त निघाला तर त्या नंबरावरून पॅकहाऊस, पॅकहाऊसवरून शेतकरी, शेतकऱ्यावरून नेमका प्लॉट. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेचं ग्रेपनेट त्यासाठीच. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांवरून आपली द्राक्षं तिकडे नाकारली गेली, ते वर्ष निफाड-दिंडोरीकडे कुणी विसरलेलं नाही; व्याजाचे आकडे अजून चालू होते म्हणाले. "पण पेटी उघडणाऱ्या गोऱ्या माणसाला माझी फवारणीची वही दाखवत नाहीत ताई. त्याला नंबर दिसतो. वही माझ्याकडे." एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला. मी दहा वर्षं कॉम्प्युटरचं शिक्षण आणि नोकरी करून जे वाक्य बनवू शकले नव्हते ते या माणसाने बशीवरून नजर न उचलता बनवलं होतं.

त्या संध्याकाळी मी सभ्य पान करायला बसले. करायचं म्हटलं तर काम छोटं. सामायिक व्ह्यूजच्या फोल्डरमध्ये 'एरर' नावाचा व्ह्यू, म्हणजे पानाचा साचा, ठेवायचा, हँडलएरर नावाचा फिल्टर लावायचा, कस्टमएरर्स 'ऑन' करायचं, झालं. अडले ते मजकुरावर. पहिल्या फटक्यात लिहिलं, 'काहीतरी चुकलं. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' लिहून झाल्यावर वाचलं आणि वाटलं, मराठीत चुकायला कर्ता लागतच नाही की. 'चुकलं.' कुणाचं? नपुंसकलिंगी, एकवचनी, बेवारस. काच फुटली, दूध उतू गेलं, राहून गेलं. लहानपणापासून आपण असंच बोलत आलो. आणि ज्या वाक्याला धनी नसतो ते समोरचा भिडस्त माणूस स्वतःच्या नावावर करून घेतो. काकांनी तेच केलं असतं. 'थोड्या वेळाने पुन्हा' हे तर 'साहेब जेवायला गेलेत, उद्या या' याचं सुटाबुटातलं भावंड. मालक नसलेल्या प्लॉटवर त्यांनी शंभरदा बटण दाबलं असतं तरी शंभरदा तेच आलं असतं. लहानपणी दूरदर्शनवर मध्येच चित्र गोठून 'व्यत्यय' अशी पाटी यायची, ती मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथे निदान सगळ्या घरांत एकदम यायची. आपलाच टीव्ही बिघडला का हे बघायला आई मला शेजारी पाठवायची, आणि त्यांच्याकडेही पाटी आहे म्हटल्यावर घरात केवढा जीव भांड्यात पडायचा. एरर पेजसमोर माणूस एकटा असतो. शेजारी पाठवायला कुणी नसतं.

मजकूर बदलत बदलत रात्र झाली आणि मी जरा नटवलंही ते पान. संस्थेचा लोगो, वर मेनू, उजव्या कोपऱ्यात 'नमस्कार' आणि लॉगिन केलेल्याचं नाव. हौस. महिन्याभराने डेटाबेस बंद पडला तेव्हा त्या हौसेचं फळ मिळालं. एरर आली, सभ्य पान उघडायला गेलं, सभ्य पानाला नमस्कारासाठी नाव हवं होतं, नाव डेटाबेसमध्ये, डेटाबेस बंद. मग जे पान दिसतं त्यावर अशा अर्थाचं वाक्य असतं की तुमची विनंती हाताळताना चूक झाली, आणि त्या चुकीसाठीचं पान दाखवताना आणखी एक चूक झाली. सांत्वनाला आलेली बाईच ओट्यावर चक्कर येऊन पडावी तसं. तेव्हापासून माझं एरर पेज दरिद्री असतं. लोगो नाही, मेनू नाही, कुणाकडे काही मागायचं नाही. शिवाय हे सगळे फिल्टर-बिल्टर प्रोग्रॅमच्या आतल्या चुका झेलतात; ज्या पत्त्यावर काही नाहीच तो ४०४ त्यांच्या हाती लागत नाही, त्याच्यासाठी वेगळी तजवीज, आणि त्याच्याही बाहेर साइट चालवणाऱ्या आयआयएस या सर्व्हरचा स्वतःचा निराळा नियम. एकाच घराला तीन कुलपं आणि तिघांचे किल्लीवाले एकमेकांशी बोलत नाहीत. त्या तपशिलात आता शिरत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना पुरेसं आहे.

त्याहून वाईट फजिती पुढच्या हंगामात झाली. मध्यरात्री सव्वाबारापासून पहाटे साडेपाचपर्यंत प्रत्येकाला क्षमायाचनेचं पान दिसत होतं आणि आमची पहारा देणारी सेवा, जी दर पाच मिनिटांनी साइटचं दार वाजवून बघते, हिरवा दिवा दाखवत होती. कारण मी सोय निवडली होती ती रीडायरेक्टची. चूक झाली की सर्व्हर आधी ३०२ म्हणजे 'तिकडे जा' सांगतो, ब्राउझर तिकडे म्हणजे एरर पेजवर जातो, आणि ते पान अगदी व्यवस्थित उघडतं म्हणून सर्व्हर म्हणतो २००. सगळं ठीक. तोंडाने माफी आणि कागदोपत्री आनंदीआनंद. खरं तर तिथे ५००, म्हणजे 'सर्व्हरवर चूक झाली', यायला हवा होता. माणूस मजकूर वाचतो, यंत्र तो आकडा वाचतं. मी दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. दुरुस्त करताना कळलं की रीराइट निवडून, म्हणजे तिकडे न पाठवता जागच्या जागी, साधं एचटीएमएल पान दिलं तरी तो शहाणा पुन्हा २०० च म्हणतो. शेवटी एक जुनाट एएसपीएक्स पान केलं आणि त्याच्या पहिल्या ओळीत हाताने स्टेटस ५०० लिहिला. संस्थेतले एक गृहस्थ कुरकुरले. ५०० वगैरे नोंदी दिसल्या तर आपली सिस्टिम बिघडलेली आहे असं लोक म्हणतील.

बिघडलेलीच होती.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाकीट काढलं. बाबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला एवढं म्हटलं की पुरतं, कुठली प्रेस हे विचारत नाहीत. आत काय चालतं याबद्दल ते आयुष्यभर एक अक्षर बोलले नाहीत, निवृत्त झाल्यावरही नाही. पण बाहेर किराणा दुकानात आलेल्या नोटेबद्दल बोलायला कुणाची ना असणार. त्यांनी दहाची एक मळकी नोट काढून माझ्यासमोर धरली. क्रमांकाच्या आधीच्या अक्षरांनंतर एक छोटा तारा. छपाईत एखादी नोट खराब निघाली तर तिच्या बदल्यात ही स्टारवाली नोट गड्डीत जाते. २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून ही पद्धत सुरू केली. शंभर नोटांच्या गड्डीत शंभरच नोटा, फक्त एक क्रमांक गाळलेला आणि त्याची कबुली ताऱ्याच्या रूपाने. "आणि गड्डीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं," बाबा म्हणाले, "की आत स्टारच्या नोटा आहेत. गड्डी न फोडता कळतं." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पट्टीवर लिहायचं. माझा २०० म्हणजे कोरी पट्टी होती. पुढे २०२३ मध्ये स्टारच्या नोटा खोट्या असतात अशी अफवा व्हॉट्सॲपवर उठली आणि रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला, तेव्हा मला ते संस्थेतले गृहस्थ आठवले. चूक मान्य करणाऱ्यावर आधी संशय येतो हे त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं.

या सगळ्यात गोदावरी यायलाच हवी, नाशिककराचा लेख आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण सगळे एकच चौकशी करतो: मारुतीला कुठवर लागलं? नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो पूर्ण बुडाला तेव्हा कुणाला आकडा सांगायची गरज पडली नाही. विसर्गाचे क्युसेक धरणावरच्या माणसांच्या वहीत असतात, ते हवेतच, त्यावर दरवाजे चालतात. पण सराफ बाजारातल्या दुकानदाराला माल वरच्या माळ्यावर कधी न्यायचा हे मारुती सांगतो. आमच्याकडे लॉगला, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीला, पातळ्या असतात, माहिती, इशारा, चूक, घातक. मी एकदा नव्या मुलांना शिकवताना फळ्यावर त्या पातळ्यांसमोर घोटा, गुडघा, छाती, गळा असं लिहिलं होतं. एकाने विचारलं, पण मारुती 'काहीतरी वाढलंय' असं म्हणाला असता तर? तो मुलगा आता बंगळुरूला असतो, हुशार होता.

आजचं पान असं आहे. 'ही चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये झाली आहे, तुमच्याकडून नाही. तुम्ही आत्ता भरलेली माहिती जतन झालेली नाही. आधीची सुरक्षित आहे. पुन्हा बटण दाबून उपयोग होणार नाही. खालचा नंबर आम्हाला फोनवर सांगा.' मग मोठ्या अक्षरांत सहा आकडे, आणि फोन नंबर. सहा आकड्यांवरून लॉगमध्ये अख्खी उतरंड निघते, फाइल, ओळ, वेळ, सगळं, वही माझ्याकडे. आकडेच ठेवलेत, अक्षरं नाहीत, कारण बी आणि डी फोनवर सारखेच ऐकू येतात. फोन नंबर ठेवू नये असं सहकाऱ्यांचं मत होतं, दिवसभर वाजेल म्हणून. पहिले दोन महिने वाजला. मग आम्ही चुका दुरुस्त करायला लागलो, कारण फोन उचलण्यापेक्षा ते सोपं होतं.

माझं नाव मात्र त्या पानावर नाही. घालून बघितलं होतं एकदा, एका रात्रीपुरतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने फोल्डरचे रस्ते, माणसांची नावं, आवृत्त्यांचे क्रमांक बाहेर दिसू नयेत हे मी स्वतःच इतरांना शिकवते आणि ते बरोबरच आहे. त्या दोन दिवसांत एखाद्या वाईट माणसाने ते पिवळं पान बघितलं असतं तर त्याला काकांपेक्षा बरंच जास्त कळलं असतं. तरी एक सल राहतेच. माझ्या हातून घडलेल्या सगळ्या एरर पेजेसमध्ये चूक केलेल्या माणसाचं नाव घेऊन थेट दारापर्यंत कुणाला आणून सोडणारं एकच निघालं, आणि ते विसरून उघडं राहिलेलं.

काकांचा फोन गेल्या वर्षी जानेवारीत आला. "ताई, पान आलंय. घ्या लिहून." नेहमीच्या संथ सुरात सहा आकडे सांगितले, मग मला परत वाचायला लावले. मी लॉग उघडला. त्यांनी छाटणीची तारीख भरताना वर्षाच्या जागी चुकून फोनचे शेवटचे चार आकडे टाकले होते आणि आमच्या प्रोग्रॅमला ते झेपलं नव्हतं. मी सांगितलं तर मोकळं हसले. "म्हणजे यावेळी माझं." मी म्हटलं, नाही काका, तारीख तपासून घेणं आमचं काम. "असं कसं, अर्धं तरी माझं धरा," ते म्हणाले आणि थंडीने फुगवण कशी अडलीय ते सांगू लागले.

परवा ऑफिस हलवलं. जुन्या फायलींत तो कागद निघाला, घड्यांवर विरलेला. मागच्या बाजूला काकांच्या स्वतःच्या पळत्या अक्षरात डावणी रोगाच्या फवारणीचा हिशेब आहे, हे तेव्हा मी पाहिलं नव्हतं. पुढच्या बाजूचा मथळा लाल पेनाने काढलाय, पडद्यावर तो लाल असतो म्हणून. खालची तक्रारीची ओळ पडद्यावर मरून दिसते. मरून पेन घरात नसावं. तिथे आधी लाल अक्षरं काढून त्यावरून निळं पेन फिरवलंय, प्रत्येक अक्षरावरून, आणि पडद्यावर ती तिरकी असतात म्हणून तिरकी.

मी तो कागद नव्या कपाटात वरच्या खणात ठेवलाय. टेबलं अजून लागायची आहेत, फोनची लाइन उद्या येणार आहे.